खुटबाव ते कुरकुंभ: तीन स्कूटर आणि मागच्या सीटवर आप्पा

माझं सगळं बदललं ते न्हावऱ्याच्या चौकात, रसवंतीसमोर, अश्विनीनं माझ्या चालू गाडीची किल्ली फिरवून काढून घेतली त्या क्षणी.

त्याच्या आधी दोन मिनिटं उसाची एक डबल ट्रॉली माझ्या स्कूटरचं एक अंग घासून गेली होती आणि ड्रायव्हरनं मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी त्याच्या मागं लागणार होतो. काय करणार होतो ते विचारू नका, मलाही माहीत नव्हतं. बटण दाबलं, रेस दिली आणि कुठूनशी ही आली.

"आधी माझं ऐक, मग जा मारामारीला."

"अगं तो चाललाय!"

"जाऊ दे. मला कुरकुंभला नोकरी लागलीय."

गाडी बंद पडली होतीच. मीही पडलो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. या ब्लॉगवर मी आपल्याकडच्या रस्त्यांवर चालणाऱ्या लहान स्कूटरबद्दल लिहितो. मोठ्या मोटरसायकली घेऊन डोंगरात जाणाऱ्यांचे ब्लॉग भरपूर आहेत. दूध घालायला, पोरं शाळेत सोडायला आणि शिफ्टला जाणाऱ्यांनी कुठली गाडी घ्यावी हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. मी न्हावऱ्याचा. शिरूरला कॉलेजात होतो, दुसऱ्या वर्षाला एका सरांशी वाजलं आणि सोडून आलो. आता शिरूरलाच स्पेअर पार्टच्या दुकानात काम करतो.

अश्विनी मूळची खुटबावची, म्हणजे भीमेच्या पलीकडची, दौंड तालुक्यातली. कॉलेजसाठी ती न्हावऱ्याला मामाकडे राहायची आणि आम्ही एकाच एसटीनं शिरूरला जायचो. मी कॉलेज सोडलं, पण एसटी सोडली नाही. पुढं कितीतरी महिने मी उगाच त्याच गाडीनं शिरूरला जाऊन परत येत होतो. कशासाठी ते अख्ख्या एसटीला माहीत होतं, कंडक्टरसकट. तिलाही माहीत होतं. ती त्यावर कधी काही बोलली नव्हती, आणि नाहीही म्हणाली नव्हती. मी तिच्या त्या 'नाही' न म्हणण्यावर जगत होतो.

तर तिनं केमिस्ट्रीत बीएस्सी पूर्ण केलं आणि तिच्यासमोर दोन नोकऱ्या आल्या. एक रांजणगावला, कंपनीत रेकॉर्ड भरायची. ती घेतली तर ती मामाकडेच राहणार, रोज संध्याकाळी कंपनीची बस तिला न्हावऱ्याच्या चौकात सोडणार. दुसरी कुरकुंभला, लॅबमध्ये, ती जे शिकलीय तेच काम. ती घेतली तर खुटबावला घरी राहून रोज जाऊन-येऊन करायचं. खुटबावला रेल्वे स्टेशन आहे, पण शिफ्टच्या वेळेला गाडी नाही. म्हणजे स्कूटर. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, त्यातला बराचसा सोलापूर हायवेनं.

"घरात सगळे म्हणतात एवढ्या लांब स्कूटर झेपायची न्हाई," ती म्हणाली. "तू तीन-चार गाड्या त्या रस्त्यानं नेऊन बघ. झेपत असली तर कुरकुंभ, नसली तर रांजणगाव. सोमवारी मला कळवायचंय. आणि सागर, खरं सांग."

किल्ली माझ्या हातात ठेवून ती गेली. ट्रॉली तोवर कारखान्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली होती. ड्रायव्हर वाचला.

आता माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मी फक्त 'झेपत नाही' एवढं म्हणायचा अवकाश, की ती रोज संध्याकाळी माझ्या चौकात उतरणार होती.

पहिल्यांदा शिरूरच्या दोन शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "सर, त्या लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन या." झाडापर्यंत सगळ्याच स्कूटर भारी चालतात. म्हणून ठरवलं की लोकांच्या वापरातल्या गाड्या मागून घ्यायच्या आणि एकाच रस्त्यावर चालवायच्या. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात, आणि मला भांडायला किती आवडतं हे मला माहीत आहे.

शुक्रवारी दुकानातून सुट्टी घेतली आणि माझीच गाडी काढली. एकशेदहा सीसी, वापरून वापरून सीटचा फोम बसलेला, पण इंजिन ठणठणीत. न्हावऱ्यातून चौफुल्याकडे जाणारा रस्ता सकाळी फार छान असतो. दोन्हीकडं ऊस, मध्येच कांद्याची हिरवी रोपं, आणि भीमेचा पूल जवळ आला की एकदम गारठा पायातून वर चढतो. कारखाने चालू असताना या रस्त्यानं जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ट्रॉल्यांना मागचा लाइट असेलच असं नाही. आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या वाळल्या पाचटावर ब्रेक दाबू नका, लहान चाकाची गाडी साबणावर गेल्यासारखी जाते. पूल ओलांडून पारगाव, मग केडगाव, तिथून खुटबाव. केडगावात गरम पोहे आणि चहा घेतला. आपल्याकडे अजून चाळीस-पन्नासात माणसाचं पोट भरतं, याबद्दल हॉटेलवाल्यांचे आभार मानले पाहिजेत.

अश्विनीचं घर मळ्यात आहे. बाहेर जाळीच्या कुंपणात थोडी मेंढरं, दोन गाई, आणि दारात तिचे वडील. आप्पा. धिप्पाड माणूस, स्वेटरवर उपरणं, पायात जाड वहाणा. माझ्याकडे खालून वर बघितलं.

"न्हावऱ्याचा का तू? एसटीतला?"

हे इथपर्यंत पोचलंय हे मला माहीत नव्हतं. "व्हय, आप्पा," एवढंच तोंडातून निघालं.

"बरं. चल मग."

आणि ते मागच्या सीटवर बसले. गाडीचा मागचा शॉकअप तळाला गेल्याचं मला ऐकू आलं.

"आप्पा, मी एकटाच जाऊन बघून येतो की. तुम्हाला कशाला तरास?"

"पोरगी माझी बसणार हाय. तवा आधी बूड बी माझंच बसंल. हाण."

हाणली. आता गाडीबद्दल. एकशेदहा सीसीची स्कूटर गावातल्या रस्त्याला सोन्यासारखी. हलकी, गर्दीत वळते, डबल स्टँडला सहज लागते, पायाशी पोतं बसतं. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास. केडगावच्या बाजारात मी आप्पांना घेऊन बैलगाडी, टेम्पो आणि दोन भांडणाऱ्या बायका यांच्यामधून अशी काढली की आप्पा मागून "वा!" म्हणाले. पण चौफुल्याला हायवेला लागलो आणि चित्र बदललं. दोघं बसलेले, समोरून वारं. साठच्या पुढं इंजिन तक्रार करायला लागलं, हँडलला झिणझिण्या आल्या. वरवंडच्या अलीकडे एक कंटेनर शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं गाडी हातभर डावीकडं सरकली.

आप्पांचा पंजा माझ्या खांद्यावर बसला.

"गाडी हालली का तू हालवली?"

"वारं, आप्पा. कंटेनरचं वारं."

"मंग ठीक हाय. मला वाटलं भ्यालास."

भ्यालो होतो. पण खरं सांगतो, त्या भीतीच्या पोटात मला आनंदही झाला. मनात म्हटलं, झालं, नापास.

आप्पा मात्र गाडीची परीक्षा घेतच नव्हते. ते मला वाटेत थांबवत होते. वरवंडला, पाटसला, मध्ये एका पंपापाशी. उतरायचे, कमरेवर हात ठेवून आजूबाजूला बघायचे. मी विचारलं, काय बघताय?

"गाडी बंद पडली, तर पोरगी हितं कुणाला हाक मारंल, ते."

पाटसच्या पुढं एका चहाच्या टपरीवर एक बाई होत्या. आप्पा त्यांना म्हणाले, "माझी लेक रोज जाईल हिकडून. गाडी कवा बिघडली तर तुमच्याकडं लावंल."

"लावू द्या की, मामा. रातच्याला मात्र मी नसती, सातला बंद करती."

"सात. बरं झालं सांगितलं."

स्कूटरवर एवढं लिहिलं मी, सीट किती रुंद, पिकअप किती, डिकीत हेल्मेट बसतं का. रोजचा रस्ता निवडताना थांबायच्या जागा बघाव्यात हे मला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही घरातल्या कुणासाठी गाडी बघत असाल तर एकदा असं जाऊन या. गाडीशिवाय गेलात तरी चालेल.

कुरकुंभला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. एमआयडीसीचा तो वास तुम्हाला आधी भेटतो, कंपन्या नंतर. अश्विनीच्या कंपनीचं गेट लांबून बघितलं. आप्पांनी वॉचमनला रामराम घातला. मग आम्ही चहाला थांबलो, आणि आप्पा समोरच्या माळाकडं बोट करून म्हणाले, "हितं आमचा वाडा असायचा. मी तुझ्याएवढा असंल तवा."

वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, आठ-दहा घरांचा. मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकत्र. आज इथं, परवा तिथं.

"वाडा हालवायच्या आदी," आप्पा सांगत होते, "एक माणूस पुढं जायचा. एकटा. रान बघायचा, पाणी बघायचा, शेतकऱ्याला इचारायचा, मेंढरं बसवू देतो का. आन् माघारी येऊन सांगायचा. त्यानं सांगितलं हाय, म्हंजी हाय. मंग सगळा वाडा उठायचा."

"आणि त्यानं चुकीचं सांगितलं तर?"

"चुकला तर चुकला. माणूसच हाय. पर खोटं न्हाई सांगायचं." आप्पांनी बशीतला चहा संपवला. "एक होता आमच्यात. त्याची सासुरवाडी एका गावात. त्यो म्हणला, तिकडंच रान चांगलं हाय. अख्खा वाडा गेला. रान वाळून कोळ. त्याला बायकोला भेटायचं व्हतं."

"मग काय केलं त्याचं?"

"काय करणार? हसलो सगळी. पर परत कुणी त्याला पुढं धाडला न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता हितं तूच आमचा पुढला माणूस. आम्हाला काय कळतंय स्कूटरमधलं?"

चहा माझ्या नाकात गेला. आप्पांनी पाठीत दोन गुद्दे घातले. मदत म्हणूनच घातले असावेत.

शनिवारी ताईची बॅटरीची गाडी. माझी थोरली बहीण शिरूरला एका पतसंस्थेत आहे, तिनं गेल्या वर्षी घेतली. "पाणी लागू देऊ नको, कुणाला देऊ नको, आणि चार्जर विसरलास तर तिकडंच राहा," एवढं ऐकून निघालो. न्हावऱ्याहून थेट कुरकुंभ आणि परत, म्हणजे अश्विनीच्या रोजच्या फेरीपेक्षा बरंच जास्त.

ज्यांनी अजून बॅटरीची स्कूटर चालवली नाही त्यांनी एकदा चालवाच. आवाज नाही, झिणझिण्या नाहीत, आणि पिकअप असा की ट्रॉलीच्या मागं असताना एका दमात पुढं. ऊसतोडीच्या बैलगाड्यांचे बैल बुजत नाहीत. खर्च पेट्रोलच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. पुलावर नदीतल्या बगळ्यांचा आवाज ऐकत गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. पण हायवेला साठनं चालवली की समोरच्या काचेवरचा आकडा रस्त्यापेक्षा जोरात पळतो. निघताना नव्वद किलोमीटर दाखवत होती. परत चौफुल्याला आलो तेव्हा एवढं थोडं उरलं होतं की मी चढ आला की श्वाससुद्धा धरून ठेवत होतो, गाडी हलकी व्हावी म्हणून.

चौफुल्याजवळ एका हॉटेलात चार्जर लावला. मालकीणबाईंनी फ्रिजचा प्लग काढून मला दिला. शेव-भाजी मागवली, चहा झाला, परत चहा झाला, मधेच लाइट गेली, आली. गाडीचं पोट भरेस्तोवर दुपार गेली. कंपनीत चार्जिंगची सोय असेल आणि गावात वीज टिकत असेल, तर हीच घ्या, डोळे झाकून. अश्विनीच्या कंपनीत सोय नव्हती, मी गेटवर विचारून आलो होतो. खुटबावच्या मळ्यातली लाइट कधी येते-जाते ते आप्पांनी सांगितलंच होतं. म्हणजे हीही नापास, आणि तेही अगदी खरंखुरं नापास.

राहिली उद्याची एकशेपंचवीस. बसल्या बसल्या मी तिचाही निकाल तयार केला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हेल्मेट परत घातलं, काच खाली. आत पुटपुटून बघत होतो: "गाडी चांगली आहे आप्पा, पण जड पडते. पोरीच्या जातीला—" नको, हे अश्विनीला चालायचं नाही. "गाडी चांगली आहे आप्पा, पण उंच पडते. पाय टेकत नाहीत. हायवेला धोका—"

"तुम्ही फोनवर हाय का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग त्या आप्पाला काय ते खरं सांगून टाका आन् डोक्यावरचं काढून जेवा नीट. शेव वाया चाललीय."

निघताना विजेचे पैसे विचारले तर म्हणाल्या, फ्रिज तेवढा वेळ बंदच होता, हिशोब सारखा झाला. कुणाला रागवायलाही जागा ठेवली नाही बाईंनी.

रविवारी अश्विनीच्या मामांची गाडी. एकशेपंचवीस सीसी, त्यांनी दुधाच्या किटल्यांसाठी घेतलेली. "दुधाचा वास येतो, मनावर घेऊ नको," मामा म्हणाले, आणि किल्ली मला न देता भाचीला दिली. "चालवायची हिला हाय ना? मग तू का बसतोस?"

तेव्हा मी पहिल्यांदाच अश्विनीबरोबर इतक्या लांबच्या प्रवासाला निघालो, तेही वेगवेगळ्या गाड्यांवर. ती पुढं, मी मागं, माझ्या एकशेदहावर. पूल येईपर्यंत तिच्या गाडीनं उडवलेला फुफाटा खाल्ला. तक्रार नाही.

गाडी जड आहे हे खोटं नव्हतं. केडगावात तिला डबल स्टँडला लावता येईना. हँडल धरून ओढत होती. मी सांगितलं, हात फक्त धरायला, जोर पायाचा दे, स्टँडवर उभीच राहा. दोनदा घसरली, दोनदा माझ्यावर चिडली, मग खाडकन लागली. चहावाल्यानं टाळी वाजवली. तिचे पायही पूर्ण टेकत नव्हते, चवडे टेकत होते. मी ते नीट बघून ठेवलं. संध्याकाळी कामाला येणार होतं.

खुटबावला आप्पा तयारच होते. लेकीच्या मागं बसले. आता हायवे, आणि मागं आप्पांचं सगळं वजन. मी चाळीस-पन्नास पावलं अंतर ठेवून मागं.

वरवंडच्या पुढं एक डबल ट्रॉली होती, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला. अश्विनी तिच्या मागं आली आणि तिथंच राहिली. मी ओरडत होतो, काढ, काढ! ती काढेना. मला वाटलं, घाबरली. मग समोरून एक ट्रक सुसाट गेला, जो मला मागून दिसलाच नव्हता. ट्रक गेला, तिनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि रेस पिळली. दोन माणसं घेऊन ती गाडी अशी सरळ निघून गेली, की ट्रॉलीचं पाचट हललं तरी तिचं हँडल हललं नाही. मोठं पुढचं चाक, चांगला शॉकअप, पुढं डिस्क ब्रेक, आणि गरज पडेल तेव्हा हातात उरलेली थोडी ताकद. याच फरकाचे जास्तीचे पैसे द्यायचे असतात. मी मात्र ट्रॉलीच्या मागंच अडकलो. माझ्या गाडीला तेवढा दम नव्हता आणि मला तेवढा धीर नव्हता. तिच्या जागी मी असतो तर त्या ट्रकच्या समोर काढली असती. हे मला त्या पाचटाच्या धुरळ्यात अगदी स्वच्छ दिसलं.

पुढं पाटसच्या टपरीवर दोघं माझी वाट बघत चहा पीत बसली होती. त्या बाई अश्विनीला मोबाइल नंबर लिहून देत होत्या.

"पंक्चर झालता का?" आप्पांनी विचारलं.

संध्याकाळी खुटबावला परत आलो. अंगणात चटई, आप्पा, अश्विनीची आई, अश्विनी. मामाही फोनवर होते, स्पीकर लावलेला. आणि सगळे माझ्याकडं बघत होते. कुठल्या मार्कांसाठी, कुठल्या तोंडी परीक्षेला माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. मी शब्द तयार केलेले होते: जड, उंच, चवडे, धोका. एकही खोटा नव्हता त्यातला. नीट लावले असते तर सगळे मिळून खोटे झाले असते.

"एकशेदहा गावात बरी," मी म्हणालो. "हायवेला रोज नको. बॅटरीची भारी, पण तुमच्याकडं लाइट नाही. एकशेपंचवीस..."

अश्विनी चटईचा दोरा तोडत होती.

"एकशेपंचवीस झेपते. गाडी झेपते आणि हिलाही झेपते. माझ्यापेक्षा चांगली चालवते. पाय पूर्ण टेकत नाहीत, पण सीटचा थोडा फोम काढून घेता येतो, मी काढून देईन. जाऊ द्या कुरकुंभला."

फोनमधून मामा म्हणाले, "हे पोरगं आजारी हाय का?"

आप्पा हसले नाहीत. बायकोकडं वळून म्हणाले, "याचं ताट आधी वाढा."

"पाहुणा हाय म्हणून?" अश्विनीच्या आईनं विचारलं.

"पाहुणा न्हाई. माघारी आलेल्या माणसाला आधी वाढायचं असतं. मंग बाकीच्यांनी बसायचं."

बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, कांदा. मी खाली मान घालून जेवलो, आणि मी संपवेपर्यंत खरंच कुणी बसलं नाही. मोठ्या हॉटेलांत जेवलोय मी, पण माझ्या शब्दाच्या बदल्यात मिळालेलं जेवण ते एकच.

निघताना अश्विनी माझ्या गाडीपर्यंत आली.

"मला वाटलं तू न्हाई म्हणशील."

"म्हणणार होतो."

"माहितीय. आज सकाळपासून तुझं तोंड बघत होते." मग माझं हँडल बोटानं पुसत, "रांजणगाव घेतलं असतं तर रोज दिसले असते तुला."

"व्हय."

"आणि रोज तुझ्यावर चिडले असते."

"व्हय."

"व्हय काय व्हय? मला रविवारी सुट्टी असती. खुटबाव काय परदेशात न्हाई." एवढं बोलून ती आत गेली. मी गाडी बटणावर चालू करायची सोडून किक मारत बसलो.

मंगळवारी आप्पांनी दौंडला जाऊन गाडी घेतली. निळी. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, सगळं झालं. मला फोटो आला. शोरूममध्ये आप्पांनी सेल्समनला विचारलं होतं म्हणे, "झाडापर्यंत कशाला? पाटसपर्यंत नेऊ का?" सीटचा फोम मी शिरूरला ओळखीच्या कारागिराकडून कमी करून आणला. तुम्हालाही असं करायचं असेल तर आधी आठ दिवस तशीच चालवा. बऱ्याचदा पाय टेकत नाहीत असं वाटतं ते नवीन गाडीच्या भीतीनं.

या तीन दिवसांचा खर्च काढला तर पेट्रोल, दोन वेळचं जेवण आणि बरेच चहा. दुसरा काही हिशोब मला जमत नाही. कुणी मला गाडी दिली, कुणी फ्रिज बंद करून वीज दिली, आणि एका माणसानं, ज्याला मी कोण ते पक्कं माहीत होतं, आपल्या पोरीचा रस्ता बघायला मला पुढं पाठवलं. कॉलेज सोडल्यापासून मला वाटायचं की माझं म्हणणं कुणी विचारत नाही म्हणून मी चिडतो. आता चिडायला एक कारण कमी झालंय. बाकीची आहेत अजून.

आज सकाळी हे लिहायला बसलो होतो तेवढ्यात अश्विनीच्या मामींचा फोन आला. तिचं सामान अजून इथंच आहे, ते खुटबावला पोचवायचंय, जाशील का. गेलो. साध्या पत्र्याच्या घरातली कडेची खोली. पुस्तकांचं एक पोतं, एक गादीची वळकटी, प्रयोगशाळेचा पांढरा कोट, भिंतीवरचा आरसा. मामी एकेक देत होत्या, मी गाडीवर लावत होतो. पोतं पायाशी, वळकटी मागच्या सीटवर दोरीनं, कोट डिकीत. सगळं बसलं.

"लई भकास वाटतंय रं," मामी रिकाम्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या. "तीन वर्षं होती पोर."

"मला पण," मी म्हणालो.

"मग कशाला म्हणलास जा म्हणून?"

आरसा वर्तमानपत्रात गुंडाळला, काखेत धरला. मामी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. मी खिडकी लावली, लाइट बंद केली, बाहेर आलो आणि खोलीचं दार ओढून कडी घातली.